फटफट नेमकी कुठून येते? : अँबेसेडरच्या मॅनिफोल्डच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

सकाळी गाडी चालू केली तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, दारात ट्रॅक्टर आणलास की काय?"

तिचं चुकलं नव्हतं. इंजिन थंड असताना डाव्या बाजूने फट्-फट्-फट् येतं, आणि दहा मिनिटांत तापलं की निम्म्याने कमी होतं. दोन महिने मी याला टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज समजत होतो. आज तो संशय एकदाचा मिटवला. वरचं कव्हर काढून आठही टॅपेट तपासले. हिशेब सोपा आहे, नवाचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची गॅप बघायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची, बेरीज कायम नऊ. १५ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट मोजायची पाती सगळीकडे जशी घसटत जायला हवी तशी गेली. एकच किंचित सैल होता, तो बसवला. आवाज होता तिथेच.

मग पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारं बिडाचं नळकांडं) बाजूने फिरवत नेलं. मधल्या तोंडापाशी आल्यावर कानात कुणी टिचक्या मारतंय असं वाटलं. बॅटरी मारून बघितलं तर बिडावर नखभर रुंद काजळीचा पट्टा, आणि त्याच्या मधोमध केसासारखी रेघ. तडा.

गाडीची ओळख एकदाच करून देतो. १९७७ ची मार्क ३, १४८९ सीसी पेट्रोल, मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन. वडिलांनी ही गाडी चादरीच्या धंद्यात घेतली होती आणि मागच्या सीटवर माणसांपेक्षा गाठी जास्त बसल्या. पद्मिनीवाले मित्र अजून टोमणे मारतात, की प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये याच सोलापुरात जन्मले आणि तुझ्या बापाने उठून कलकत्त्याची गाडी आणली. यावर वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं: पद्मिनीच्या डिकीत गाठी किती मावतात ते सांग.

१० डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी विजापूर वेशीत मेकॅनिक चाचांकडे गेलो. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखालची. आता डोळ्यांनी कमी दिसतं, काम मुलगा बघतो, पण खुर्ची दारातच असते. मी तड्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"मधल्या तोंडाला हाय न्हवं? तिथंच जातंय."

का जातंय, ते या इंजिनच्या हेडमध्येच आहे. चार सिलिंडर, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. पहिल्याला आणि चौथ्याला स्वतंत्र वाट, दुसरा-तिसरा मात्र मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतात. इनलेटची (हवा-पेट्रोल आत घेणारी) तोंडं दोन, तीही जोडीजोडीने. सगळी एकाच रांगेत: एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट, इनलेट, एक्झॉस्ट. फायरिंग १-३-४-२, म्हणजे मधल्या तोंडातून एकाआड एक जाळ जात राहतो आणि त्याला दुप्पट तापावं लागतं.

पाइप वाकवून नवा हेडर (बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी पाइपांचा) करून घे, असा सल्ला दोघांनी दिला. करून देणारे आहेत, पैसेही फार नाहीत. पण या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेला असतो, पातळ पाइपची धग बिडापेक्षा जास्त, आणि सोलापूरचा एप्रिल-मे कुणाला सांगायला नको. सात रस्त्याच्या सिग्नलला पेट्रोल उकळून गाडी बंद पडलेली मला नकोय. आवाजही बदलला असता. बिडाचाच मॅनिफोल्ड शोधायचा, हे ठरलं.

१४ डिसेंबर, रविवार

उघडलं.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं. आज कार्ब्युरेटर, लिंकेज, खालचा सायलेन्सरचा पाइप असं एकेक सुटं केलं. या गाडीला हाफ इंची पानाच लावायचा. तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटर सैल असतो आणि तेवढ्यात नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आधीच्या कुणीतरी ते केलेलं होतं, दोन नट अर्धे गोल झालेले. त्यांना गॅसच्या टॉर्चची आच दाखवावी लागली: नट लाल होईपर्यंत तापवायचा, थोडा निवला की मेणबत्तीचं टोक आट्यांना लावायचं. मेण वितळून आत शिरतं. मग पान्यावर हळू जोर, पुढे-मागे, पुढे-मागे. एकदम पुढे नाही.

शेवटचा सोडून सगळे निघाले. मागच्या टोकाचा स्टड (हेडमध्ये रुतलेला, ज्यावर नट बसतो तो दांडा) हेडच्या तोंडालगत कट्कन तुटला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगत नाही.

इनलेट अॅल्युमिनियमचा, तो ठीक आहे. एक्झॉस्ट हातात घेतल्यावर तडा बाहेरून दिसत होता त्यापेक्षा लांब निघाला, आतल्या बाजूने जवळजवळ चार बोटं. ब्रेझिंग करता येतं, सोलापुरात बिडाला टाका मारणारे चांगले हात आहेत. पण रोज लाल होऊन निवणाऱ्या जागेवरचा टाका किती टिकेल याची खात्री कुणी देईना.

जुनं पॅकिंग हेडला चिकटलेलं. ते अॅसबेस्टॉसचं असू शकतं, म्हणून कोरडं खरवडलं नाही. पाणी मारून ओलं केलं, तोंडाला मास्क, आणि निघालेला चिखल पिशवीत बांधला. लेकीला त्या वेळी पार्किंगच्या बाहेर उभं केलं, त्यावरून ती दिवसभर फुगून होती.

२१ डिसेंबर, रविवार

तुटलेल्या स्टडचा दिवस.

मधोमध पंच मारला, तीन एमएमचं ड्रिल, मग पाचचं. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावायचं धाडस केलं नाही. तो आत तुटला तर इतका कडक असतो की त्याला साधं ड्रिल लागत नाही. भोक हळूहळू मोठं करत नेलं आणि उरलेली साल टोच्याने काढली. आटे वाचले.

मग शेजारच्या भोकात नवा स्टड घालायला गेलो, तर दोन आटे गेला आणि अडला. टोचून बघतो तर भोकात आधी कधीतरी कुणीतरी आठ एमएमचा बोल्ट दामटून आटे बिघडवलेले. हे इंजिन इंची मापाचं. स्टड अडीच सूत, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठचा बोल्ट हातात घेतला तर सारखाच दिसतो. पण हेडमधले आटे इंचाला १८ आणि आठ एमएमचे साधारण २०. त्यामुळे पहिले दोन जुळतात, नंतर बोल्ट स्वतःच नवी वाट कापत जातो. तो "घट्ट बसला" म्हणून लावणारा खूश झाला असेल. त्या भोकात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेतली.

इंची स्टडसाठी चार दुकानं फिरलो. जगभरच्या मोटारींचे कॅमशाफ्ट प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी या गावातून पाठवते, आणि मला अडीच सुताचे, एका टोकाला १८ आटे आणि दुसऱ्या टोकाला २४ आटे असे मूठभर स्टड मिळेनात. अखेर एमआयडीसीतल्या एका टर्नरने, लूमचे सुटे भाग करता करता मधल्या वेळात, चहाच्या बोलीवर करून दिले. वर पितळी नट. पितळ गंजून धरत नाही. पुढच्या वेळी उघडणाऱ्याने (तो बहुधा मीच) दुवा दिला पाहिजे.

२७ डिसेंबर, शनिवार

मॅनिफोल्ड मिळाला. अक्कलकोट रोडच्या भंगारात एका सरकारी रंगाच्या अँबेसेडरचं इंजिन तेल गळत पडलं होतं. १,८०० मागितले, १,२०० ला दिला. वाजवून बघितला: दोरीला टांगून पान्याने टिचकी मारली, घंटेसारखा खणखणला. जुना तसाच टांगला तर फुटक्या माठासारखा बद्द.

४ जानेवारी २०२६, रविवार

रेती मारून आणला, करडा स्वच्छ निघाला. काचेच्या जाड तुकड्यावर पालथा ठेवून फीलरची पाती घातली. मधल्या तोंडाखाली ०.५० मिलिमीटरची सहज गेली. वर्षानुवर्षं तापून-निवून बीड धनुष्यासारखं वाकतं, हे अपेक्षितच. पॅकिंग इतकी फट भरत नाही. उद्या सरफेस ग्राइंडिंगला देतो.

८ जानेवारी, गुरुवार

ग्राइंडिंग होऊन आला. तोंडं आरशासारखी. कारागिराने विचारलं होतं, "फक्त हेच? इनलेट नाही आणलं?" मी म्हटलं, इनलेट सरळ आहे, त्याला कशाला हात लावायचा. हे वाक्य इथे लिहून ठेवतोय, कारण पुढे लागणार आहे.

११ जानेवारी, रविवार

सकाळी आठला सुरुवात.

मॅनिफोल्ड बाहेर असताना करून टाकायचं एक काम आहे, जे कुणी करत नाही आणि मग सहा महिन्यांनी हळहळतं. टॅपेटची बाजूची दोन झाकणं बरोबर मॅनिफोल्डच्या मागे लपलेली असतात. त्यांचं कॉर्कचं पॅकिंग वाळून तडकलं की इंजिनच्या डाव्या अंगाने तेल पाझरतं, आणि मॅनिफोल्ड काढल्याशिवाय तिथे हात जात नाही. माझं पॅकिंग बिस्किटासारखं मोडलं. नवं बसवलं. मधला बोल्ट फार आवळला की पत्र्याचं झाकण पोटात जातं आणि जास्तच गळतं. बोटांनी घट्ट, वर पाव वळसा, बस.

मग नवं पॅकिंग, इनलेट, एक्झॉस्ट, वायसर, नट. इथे वायसर साधे नसतात. इनलेट आणि एक्झॉस्टचे फ्लँज (नटाखाली दाबले जाणारे कान) एकमेकांना खेटून येतात आणि दोघांच्या मधल्या प्रत्येक स्टडवरचा एकच जाडजूड वायसर अर्धा इनलेटवर, अर्धा एक्झॉस्टवर टेकतो. एका नटात दोन्ही धरले जातात. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क रेंचने १५ फूट-पाउंड, म्हणजे २० न्यूटन-मीटर.

दुपारी साडेतीनला चाबी फिरवली.

फट्-फट्-फट्-फट्.

लेक काही बोलली नाही. आईपण बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

१२ जानेवारी, सोमवार

दुकानातून आल्यावर पॅकिंग बदललं. दुसरं, जाड, तांब्याच्या पत्र्याचं. फरक: आवाज थोडा बारीक. म्हणजे काहीच नाही.

१४ जानेवारी, बुधवार

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. काल अडुसष्ट लिंगांचं यण्णीमज्जन (तेलस्नान), आज लग्नसोहळ्याच्या अक्षता. सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात त्या वाटेवर गाडी काय, सायकल घालता येत नाही. सगळ्या वर्कशॉपना कुलूप. संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकून आलो. गर्दीत चाचांचा मुलगा भेटला. म्हणाला, "अब्बा विचारत होते, गाडी बोलली का म्हणून." मी म्हटलं, बोलतेय, तेच तर दुखणं.

१८ जानेवारी, रविवार

चाचा स्वतः आले. रिक्षातून उतरले, गाडीकडे बघितलं नाही, आधी चहा प्यायले, शेंगाची चटणी घेऊन अर्धी भाकरी खाल्ली. मग बॉनेट उघडायला सांगितलं.

"चालू करू?"

"नको बे. चालू केल्यावर सगळ्यांनाच ऐकू येतंय."

त्यांनी डावा हात आत घातला आणि बोटांची टोकं त्या जाड वायसरांवरून फिरवली, एकेकावरून, पोथीच्या ओळीवर बोट ठेवून वाचावं तशी. दुसऱ्या वायसरवर थांबले. परत फिरवली. मग माझ्या हातातला पाना घेऊन एक्झॉस्टच्या फ्लँजला अगदी हलकी टिचकी मारली. आवाज आला तो टण् नव्हता, टर्र होता.

"वायसर तिरकं बसलंय. पाती घाल खाली."

नट पूर्ण आवळलेला होता, टॉर्क रेंचने, मी स्वतः. तरी वायसर आणि एक्झॉस्टचा फ्लँज यांच्या मध्ये ०.४० ची पाती गेली. ०.५० गेली. ०.६० जराशी अडून गेली. इनलेटच्या बाजूला सगळ्यात बारीक पातीसुद्धा शिरेना.

चाचांनी विचारलं, "घासून आणलं काय?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ग्राइंडिंगमध्ये एक्झॉस्टच्या तोंडावरून ०.६ ते ०.७ गेलं. तोंड सपाट झालं, पण फ्लँज तेवढाच पातळ झाला. इनलेट होता तसा जाड. दोघांवर मिळून बसणारा वायसर आता इनलेटवर टेकतो आणि एक्झॉस्टवर नुसता छत्रीसारखा वर राहतो. मी नट जितका आवळला, तितका इनलेट घट्ट झाला. एक्झॉस्टला कुणी धरलंच नव्हतं. पॅकिंग कितीही भारी आणलं असतं तरी फटफट राहिलीच असती.

ग्राइंडिंगवाल्याने विचारलं होतं. त्याचा काही दोष नाही, काम त्याने चोख केलं.

तीन मार्ग होते. इनलेटही तेवढाच घासायचा. पण अॅल्युमिनियमचा तो एकच आहे माझ्याकडे, त्याला हात लावायची इच्छा नाही. दुसरा, एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याचा तुकडा घालायचा. चाचांनी यावर जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण अर्थ असा की तापून-निवून तुकडा सहा महिन्यांत सरकून पडेल. तिसरा: वायसरलाच पायरी करायची. इनलेटकडची अर्धी बाजू कानशीने खाली घ्यायची, म्हणजे एक्झॉस्टकडची आपोआप उंच राहते.

२४ जानेवारी, शनिवार

वायसर नवे करून घेतले, जुन्यांपेक्षा एक मिलिमीटर जाड, कारण अर्ध्या भागातून मटेरियल काढायचं होतं. पातळ वायसर नट आवळल्यावर बशीसारखा वाकतो.

पायरी मात्र घरीच. लेकीने कानस धरली आणि मी व्हाइस. प्रत्येक स्टडपाशी फरक वेगळा मोजला: कुठे ०.६, कुठे ०.७५, टोकाला ०.५. मोजून, कानस मारून, परत मोजून. पहिल्या वायसरला पाऊण तास लागला, शेवटच्याला पंधरा मिनिटं. तिने एका वायसरची पायरी उतरती केली, मी काही म्हणायच्या आधीच बाजूला टाकून म्हणाली, "बाबा, हा गेला. दुसरा द्या." एक जास्तीचा केला होता ते बरं झालं.

आता हे वायसर फिरवून लावले तर उलटं होईल, म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला प्रत्येकावर पंचचा एक ठिपका मारला आणि कितव्या स्टडचा तेवढ्या रेघा दुसऱ्या कडेला कोरल्या.

२५ जानेवारी, रविवार

बसवलं. पॅकिंग परत नवं, हे तिसरं. नट आवळताना प्रत्येक वायसरखाली दोन्ही बाजूंना सर्वात बारीक पाती घालून बघितली. कुठेच गेली नाही.

सव्वा अकराला चाबी. धुराचा एक लोट आला, तो नव्या नटांवरच्या तेलाचा. मग इंजिन संथ झालं आणि नुसती त्याची नेहमीची घरघर उरली. नळी कानाला लावून तिन्ही तोंडं तपासली. सायलेन्सरच्या टोकाला ओलं फडकं दोन सेकंद धरून बघितलं. पाइपात दाब भरला, इंजिन गुदमरायला लागलं, पण मॅनिफोल्डपाशी फुसकन काही निघालं नाही.

आई दारात येऊन उभी होती. "चालू आहे का बंद?" म्हणाली.

पूर्ण निवल्यावर संध्याकाळी सगळे नट परत तपासले. तीन नट पाव वळसा गेले. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतंच, त्यामुळे ही फेरी चुकवायची नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

अक्कलकोटला जाऊन आलो, जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर. वळसंगच्या पुढे ताशी साठला खिडक्या उघड्या ठेवून चालवली. घरी आल्यावर टॅपेटच्या झाकणांखाली बोट फिरवलं, कोरडं. नट गार झाल्यावर परत बघितले, एकही हलला नाही.

चाचांना फोन केला. त्यांनी आवाज ऐकायला मागितला, म्हणून बॉनेट उघडून मोबाइल मॅनिफोल्डजवळ धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन तुटली.

"टॅपेट एक सैल हाय," म्हणाले. "मागून दुसरा."

पुढच्या रविवारी बघतो.